बिननावाची बाई

१९४० सालची गोष्ट. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून स्ट्यूअर्ट नावाचे एक गृहस्थ होते. स्कॉटलंडहून आलेले, मोठे विद्वान. शिवाय 'मायकेल इन्स' या टोपणनावाने डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहिणारे, म्हणजे अगदीच कोरडे पंडित म्हणता येणार नाहीत. सरकारी साहित्यनिधीतर्फे त्यांना ऑस्ट्रेलियन साहित्यावर व्याख्यान द्यावयास सांगण्यात आले. गृहस्थ उभे राहिले, त्यांनी निधीचे आभार मानले आणि म्हणाले की, पैसे मिळाले हे उत्तम झाले; पण ज्यावर बोलावे असे ऑस्ट्रेलियन साहित्यच नाही, त्याला काय करावे? तेव्हा मी आपला लॉरेन्सच्या 'कांगारू'वर बोलतो! असा हा किस्सा सांगतात. लॉरेन्स हा इंग्रज. तो १९२२ साली ऑस्ट्रेलियात जेमतेम तीन महिने राहिला होता, आणि तेवढ्यात ही कादंबरी त्याने जवळजवळ हातावेगळी केली होती.

पाहुण्याने ओटीवर बसून घरच्याच माणसांना 'घरात कोणी नाही वाटते' असे म्हणावे, तसाच हा प्रकार! ऑस्ट्रेलियात हा किस्सा अजून सांगतात. हसून सांगतात, पण त्या हसण्याखाली थोडी जखम आहे. आपल्यालाही ही जखम सर्वस्वी अपरिचित नाही. मुंबई विद्यापीठात मराठीला पुन्हा जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानड्यांना किती खटपट करावी लागली, हे वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. मात्र आपल्यापाशी ज्ञानोबा-तुकोबांची शिदोरी तरी होती आणि भाषा आपली स्वतःची होती. ऑस्ट्रेलियनाची पंचाईत निराळी. त्याची भाषा इंग्रजांची, शाळेतली कविता इंग्रजांची, त्या कवितेतला वसंत ऋतूदेखील इंग्रजांचा. आणि दाराबाहेर पाहावे तो निलगिरीची राने आणि ऐन नाताळात रणरणते ऊन. अशा माणसाने 'मी कोण?' या प्रश्नाचे उत्तर कोणत्या पुस्तकात शोधावे?

त्या देशाने ते कोठे कोठे शोधले याचा सगळा इतिहास सांगू गेल्यास हा अंक पुरावयाचा नाही. त्यापेक्षा एकच कथा घेऊ. कथा लहानशी आहे, पण ती त्या देशाने गेली सव्वाशेहून अधिक वर्षे पुन्हा पुन्हा लिहिली आहे.

हेन्री लॉसन या तरुण लेखकाने १८९२ साली सिडनीच्या 'बुलेटिन' साप्ताहिकात ही कथा लिहिली. तिचे नाव 'द ड्रोव्हर्स वाइफ'. ड्रोव्हर म्हणजे दुसऱ्याची मेंढरे किंवा गुरे शेकडो मैल हाकत नेणारा माणूस. आपण त्याला मेंढक्या म्हणू. हा मेंढक्या सहा महिने झाले, घराबाहेर आहे. घर म्हणजे ओबडधोबड लाकडी फळ्यांचे दोन खोल्यांचे खोपट. सभोवार सपाट रान, त्याला तेथे 'बुश' म्हणतात. डोंगर नाही, ओढा वाहता नाही, क्षितिजदेखील दिसत नाही. माणसाच्या वस्तीची पहिली खूण एकोणीस मैलांवर. घरात बाई, चार मुले आणि 'ॲलिगेटर' नावाचा एक भला दांडगा कुत्रा.

एके दिवशी सायंकाळच्या सुमारास एक साप घराखाली शिरतो. जमिनीच्या फळ्यांना फटी आहेत. तो केव्हा वर येईल याचा नेम नाही. बाई मुलांना स्वयंपाकघरातल्या टेबलावर निजवते, मेणबत्ती लावते, शेजारी काठी ठेवते आणि शिवणाची टोपली व बायकांचे एक मासिक घेऊन जागत बसते. बाहेर वादळ येते. रात्र सरता सरत नाही, आणि बसल्या बसल्या तिला मागचे सगळे आठवते. एकदा वणवा आला, तेव्हा नवऱ्याची विजार चढवून ती एकटी त्याच्याशी झुंजली होती. एकदा पुराने बांध फोडला. एक मूल तर ती एकटी असतानाच गेले, आणि ते मेलेले मूल घेऊन मदतीसाठी तिने एकोणीस मैल घोडा हाकला. आणि तरीही, दर रविवारी ही बाई नीटनेटके कपडे करते, मुलांना नटवते, बाबागाडी पुढे घालून रानातल्या वाटेने फिरावयास निघते! वाटेत चिटपाखरू भेटावयाचे नसते. पण शहरात हमरस्त्याने जावे तशी ती जाते. मला विचाराल, तर सबंध कथेत यासारखी जागा दुसरी नाही.

रात्री विस्तव विझू लागतो म्हणून ती सरपण आणावयास उठते. ढिगातले एक लाकूड ओढते तो सगळा ढीग कोसळतो. आदल्याच दिवशी एका वाटसरू मूळ रहिवाशाकडून, म्हणजे ज्यांना गोरे लोक 'काळे' म्हणत त्यांच्यापैकी एकाकडून, तिने तो रचून घेतला होता. कामावर खूष होऊन तंबाखूही जास्त दिली होती. त्या पठ्ठ्याने ढीग आतून पोकळ रचला होता! वणव्याला न डगमगलेली बाई एवढ्याने रडू लागते. डोळे पुसायला रुमाल घेते, तो त्याला भोके. बोटे आरपार जाऊन डोळ्यांत जातात, आणि तिला रडता रडता हसू फुटते. पहाटे साप निघतो. कुत्रा आणि ती मिळून त्याला मारतात. थोरला मुलगा म्हणतो, मी कधी मेंढरांमागे जाणार नाही. कथा संपते.

बाईला नाव नाही. कुत्र्याला आहे, थोरल्या मुलालाही आहे, तिला नाही. हे लक्षात यायला पुढे फार वर्षे लागली.

लॉसनचे चरित्र या कथेइतकेच विलक्षण आहे. १८६७ साली ग्रेनफेलच्या सोन्याच्या खाणीपाशी, एका तंबूत त्याचा जन्म झाला. लहानपणीच कान गेले. त्याची आई लुइसा लॉसन ही मोठी खंबीर बाई. नवऱ्यापासून वेगळी होऊन ती सिडनीत आली आणि १८८८ साली तिने 'द डॉन' नावाचे बायकांचे पत्र सुरू केले; ते सतरा वर्षे चालवले. छापखान्यात खिळे जुळवायलाही तिने बायकाच ठेवल्या, म्हणून पुरुष कामगारांच्या संघाने तिच्यावर बहिष्कार घातला. तिने भीक घातली नाही. पोराचे पहिले पुस्तकही १८९४ साली तिनेच छापले. रानात एकट्याने मुले वाढवणारी बाई लॉसनला कोठून मिळाली, हे शोधावयास फार दूर जाण्याचे कारण नाही. आणि दैवाची थट्टा अशी की, सोशिक बायकोचे हे अमर चित्र काढणारा लॉसन पुढे दारूच्या आहारी गेला, आणि स्वतःच्या बायकोला पोटगी न दिल्याबद्दल वारंवार सिडनीच्या डार्लिंगहर्स्ट तुरुंगात गेला. १९२२ साली वारला तेव्हा मात्र सरकारी इतमामाने त्याची अंत्ययात्रा निघाली.

या कथांनी ऑस्ट्रेलियाला एक आरसा दिला. आपण इंग्रजांची रानटी नक्कल नाही. आपण उन्हातान्हाचे, कमी बोलणारे, संकटात हसणारे, मित्रासाठी जीव देणारे लोक, ही जी ऑस्ट्रेलियनाची स्वतःबद्दलची कल्पना, ती पुष्कळशी 'बुलेटिन'च्या पानांवर घडली. आता गंमत पाहा. त्याही काळी त्या देशातली बरीच वस्ती समुद्रकाठच्या शहरांतून राहत होती. खुद्द लॉसनही सिडनीकरच. ही कथा छापून झाल्यानंतर 'बुलेटिन'च्या संपादकांनी पाच पौंड आणि बर्क गावाचे रेल्वे तिकीट हातावर ठेवून त्याला पश्चिमेकडच्या रखरखीत रानात धाडले! शहरातल्या लोकांनी ट्रामने कचेरीत जाता जाता वाचलेले हे रान होते. पण यात हसण्यासारखे काही नाही. आपल्याकडेही गावाकडच्या गोष्टी दादर-गिरगावच्या खोल्यांतच अधिक वाचल्या गेल्या.

हसण्यासारखे नव्हते ते निराळेच. या आरशात सर्वांना जागा नव्हती. 'बुलेटिन'च्या मस्तकावर विसाव्या शतकाच्या आरंभापासून 'ऑस्ट्रेलिया गोऱ्या माणसासाठी' अशा अर्थाचे ब्रीदवाक्य असे, आणि ते १९६० च्या सुमारासच काय ते उतरले. १९०१ साली सहा वसाहतींचे मिळून एक राष्ट्र झाले; त्याच वर्षी नव्या संसदेने परदेशी लोकांना अडवण्याचा कायदा केला. रंगाचे नाव घ्यावयाचे नाही, फक्त बंदरावर उतरणाऱ्याला कोणत्याही युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचे शुद्धलेखन घालावयाचे! नको असलेल्या माणसाला कोणती भाषा निवडावयाची, हे अधिकाऱ्याच्या हाती. ही परीक्षा १९५८ पर्यंत चालू होती.

दरम्यान विद्यापीठांतून काय चालले होते? काही नाही. तेथे शेक्सपिअर शिकवत होते. मेलबर्नचे एक शाळामास्तर, ए. ए. फिलिप्स, यांनी १९५० साली 'मीनजिन' या नियतकालिकात एक छोटा लेख लिहून या दुखण्याला नाव दिले. 'कल्चरल क्रिंज' हे ते नाव. आपण त्याला सांस्कृतिक ओशाळलेपण म्हणू. त्यांनी उदाहरण दिले ते रेडिओवरच्या एका कार्यक्रमाचे. त्यात एकच चीज आधी एक कलावंत वाजवी, मग दुसरा. एक परदेशी आणि एक ऑस्ट्रेलियन. नावे सांगावयाची नाहीत, श्रोत्यांनी ओळखावयाचे. आपला माणूसही परक्याइतका चांगला असू शकतो, हे श्रोत्यांना पटावे असा त्यातला सद्हेतू. फिलिप्स म्हणाले, हे पटवावे लागते हेच तर दुखणे! पुढे त्यांनी असेही बजावले की, जो ऊठसूट छाती काढून 'आमच्यासारखे आम्हीच' म्हणतो तोही त्याच दुखण्याचा रोगी. फक्त त्याचा ताप उलटा चढलेला आहे. हा लेख वाचताना मराठी माणसालाही अधूनमधून ठसका लागेल, एवढेच सांगून पुढे जातो.

१९६२ साली सिडनी विद्यापीठात ऑस्ट्रेलियन साहित्याचे पहिले अध्यासन निघाले, तेही लोकांनी वर्गणी जमवून दिली म्हणून. जी. ए. विल्क्स हे पहिले प्राध्यापक. आपल्या देशाचे साहित्य आपल्याच देशात शिकवण्यासाठी वर्गणी! पुढे १९७३ साली वर्णभेदाचे ते स्थलांतर-धोरण अखेर निकालात निघाले, आणि योगायोगाने त्याच वर्षी पॅट्रिक व्हाइट या ऑस्ट्रेलियन कादंबरीकाराला नोबेल पारितोषिक मिळाले. आता 'ऑस्ट्रेलियन साहित्य आहे काय?' असे विचारण्याची सोय उरली नाही. नवा प्रश्न उभा राहिला: ते कोणाचे?

येथे आपल्याला मेंढक्याच्या बायकोकडे परत जावे लागते, कारण हा प्रश्न तिच्याच अंगणात लढला गेला.

१९४५ साली रसेल ड्रायस्डेल या चित्रकाराने 'द ड्रोव्हर्स वाइफ' याच नावाचे चित्र काढले. उजाड माळ, वाळकी झाडे, मागे लहानसा दिसणारा पुरुष आणि पुढे पिशवी घेऊन उभी असलेली एक धिप्पाड बाई. तीस वर्षांनी, १९७५ साली, मरे बेल या लेखकाने त्या चित्रावरून कथा लिहिली. तिच्यात ॲडलेडचा एक दंतवैद्य तक्रार करतो की, चित्रातली बाई मेंढक्याची नव्हेच, ती माझी बायको हेझल. मला सोडून निघून गेलेली! बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही की, तिला त्याच्या घरापेक्षा रान का आवडावे. पुढे १९८० मध्ये फ्रँक मूरहाउसने आणखी खोडी केली. त्याची कथा म्हणजे एका इटालियन विद्यार्थ्याने परिषदेत वाचलेला निबंध. हा विद्यार्थी ऑस्ट्रेलियन संस्कृतीचा गाढा अभ्यास करून असा शोध लावतो की, कथेतली 'बायको' ही बाई नसून मेंढी आहे, आणि सबंध देश हा विनोद गुपचूप जपून आहे! साहित्याच्या अभ्यासकांची इतकी खरपूस थट्टा क्वचितच झाली असेल. ज्या विषयाला वीस वर्षांपूर्वी एक खुर्ची मिळण्याची मारामार, त्या विषयाच्या पंडितांची टिंगल करण्याइतका देश आता मोकळा झाला होता. ही प्रगतीच म्हणावयाची.

पण त्याच वर्षी बार्बरा जेफरिसबाईंनी या सर्व पुरुषांना गाठले. त्यांच्या कथेत ती बाई स्वतः बोलते. लॉसनने मला अशी रंगवली, चित्रकाराने तशी, दंतवैद्याने आणखी कशी. ज्याला जशी हवी तशी त्याने मला केली, माझी हकीकत कोणी विचारलीच नाही. नव्वद वर्षांनी बाईला तोंड फुटले.

नाव मिळायला मात्र आणखी छत्तीस वर्षे जावयाची होती, आणि ते कोणी दिले हे सांगण्यापूर्वी सरपणाच्या त्या पोकळ ढिगापाशी क्षणभर थांबले पाहिजे.

ढीग रचणारा तो माणूस लॉसनच्या कथेत चार ओळींत येतो आणि जातो. तो आपल्या जमातीतला शेवटचा होता, असे लॉसन सहज सांगून टाकतो. हे लोक आता संपलेच, अशीच त्या काळच्या गोऱ्या माणसाची समजूत होती. कथेत आणखी एक काळी बाईही आहे. मेंढक्याच्या बायकोचे एक बाळंतपण रानात एकटीने व्हावयाची वेळ आली, तेव्हा तीच धावून आलेली असते. म्हणजे बाळ हिच्या हातावर जन्मले, लाकडे त्याने फोडली, आणि कथा मात्र तिसऱ्याचीच.

नुसत्या कथेतच असे घडले नाही. डेव्हिड उनायपॉन हा नॅरिंजेरी जमातीचा एक बुद्धिमान पुरुष. लेखक, वक्ता, यंत्रे शोधणारा. त्याने १९२०-३० च्या दरम्यान आपल्या लोकांच्या पुराणकथा गोळा करून लिहिल्या. प्रकाशकाने त्यांचे हक्क घेतले आणि एका गोऱ्या डॉक्टरला विकले. १९३० साली लंडनात पुस्तक निघाले ते डॉक्टर रॅम्से स्मिथच्या नावाने, आणि आत उनायपॉनचे नावही नाही! १९६६ साली ऑस्ट्रेलियात डॉलरच्या नव्या नोटा निघाल्या. दहाच्या नोटेवर हेन्री लॉसनचा चेहरा आला. एकच्या नोटेवर एक सुंदर सालचित्र, म्हणजे झाडाच्या सालीवर काढलेले चित्र, आले. ते डेव्हिड मलांगी या मूळ रहिवासी चित्रकाराचे होते, आणि नोट छापली जाईपर्यंत त्याला कोणी विचारलेही नव्हते. मागाहून रिझर्व्ह बँकेने त्याला एक हजार डॉलर, एक पदक आणि मासे धरण्याचे सामान देऊन आपली चूक सावरली. उनायपॉन १९६७ साली वारला. १९९५ पासून पन्नास डॉलरच्या नोटेवर त्याचे चित्र आहे. आणि त्याचे पुस्तक त्याच्या स्वतःच्या नावाने निघाले ते २००१ साली. आधी नोटेवर चेहरा, मग पुस्तकावर नाव!

तोवर दुसऱ्यांच्या लेखणीची वाट पाहणे त्या लोकांनी सोडले होते. कॅथ वॉकर या बाईंचा कवितासंग्रह १९६४ साली निघाला. मूळ रहिवासी कवीचा छापलेला तो पहिला संग्रह. टीकाकार म्हणाले, ही कविता नव्हे, हा प्रचार आहे. लोकांनी आवृत्त्यांमागून आवृत्त्या संपवल्या. १९६७ च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी मूळ रहिवाशांना देशाच्या जनगणनेत धरण्यास संमती दिली. त्या प्रचारात कॅथबाई गावोगाव हिंडल्या होत्या. १९८८ साली गोऱ्यांच्या आगमनाची द्विशताब्दी साजरी व्हावयाची होती. तिच्या आधीच्या वर्षी बाईंनी इंग्लंडच्या राणीचा किताब परत केला आणि आपले इंग्रजी नावही टाकले. त्या ऊजरू नूनुकल झाल्या.

आता लीआ पर्सेल. ही मूळ रहिवासी कुळातली नटी आणि नाटककार. लहानपणी तिची आई तिला लॉसनची ती कथा वाचून दाखवीत असे, आणि पोरीला ती इतकी आवडे की शेवटचे वाक्य ती स्वतः म्हणे. २०१६ साली सिडनीच्या बेल्वॉर थिएटरात तिने त्या कथेचे नाटक केले आणि बाईची भूमिकाही स्वतःच केली. या नाटकातली बाई मॉली जॉन्सन. अखेर नाव मिळाले! एके दिवशी गळ्यात लोखंडी कडे असलेला एक काळा फरारी तिच्या अंगणात येतो. नवरा मेंढरांमागे गेला आहे, असे ती सर्वांना सांगते. खरी हकीकत निराळी आणि भयंकर आहे. आणि त्या फरारी माणसाकडून तिला कळते की, आपली आईच मूळ रहिवासी होती. लॉसनने ज्यांना अंगणाच्या कडेला उभे केले होते, ती माणसे निघाली तिच्या घरातली. नाटकाला २०१७ साली व्हिक्टोरिया राज्याचे सर्वोच्च साहित्य पारितोषिक मिळाले. मागून कादंबरी झाली, चित्रपट झाला.

काही जुन्या वाचकांना हे रुचले नाही तर नवल नाही. लॉसनच्या बाईतले मोठेपण तिच्या साधेपणात होते, तिला एवढ्या खुनाखुनीत कशाला ओढावयाचे? आक्षेप अगदीच पोकळ नाही. मूळ कथेची ती दबलेली करुणा नाटकात नाही, हे मीही म्हणेन. पण बाबागाडी घेऊन निर्मनुष्य रानात फिरणारी ती बाई आणि गळ्यातले लोखंडी कडे, ही दोन्ही त्याच रानातली, त्याच काळातली. एकच पाहून दुसरे न पाहणे, हे आता त्या देशातल्या वाचकाला जमेनासे झाले आहे.

आणि आपली माणसे या चित्रात कोठे आहेत? आहेत तर! मीना अब्दुल्ला या बाई १९३० साली न्यू साउथ वेल्समध्ये जन्मल्या. आईवडील पंजाबातून गेलेले, धंदा मेंढ्या पाळण्याचा. म्हणजे रान तेच, मेंढ्याही त्याच. १९६५ साली रे मॅथ्यू यांच्या सहकार्याने त्यांचा कथासंग्रह निघाला. त्यात निम्मी नावाची एक चिमुरडी, तिची बागेत जीव रमवणारी आई आणि एक पांढरा मोर. लॉसनच्या बाईला रानात एकटे वाटे ते माणूस नाही म्हणून. निम्मीच्या आईची एकटेपणाची तऱ्हा वेगळी. एकही उपदेश न करता बाईंनी ती दाखवली आहे. ऑस्ट्रेलियात परदेशात जन्मलेल्यांमध्ये इंग्रजांच्या खालोखाल भारतीय होते, असे २०२१ च्या जनगणनेत दिसले. मेलबर्न-सिडनीला भाचा किंवा नणंदेची मुलगी नाही असे घर पुण्या-मुंबईत शोधावेच लागेल. त्यांना पाठवावयाच्या फराळाच्या डब्यातून मीनाबाईंच्या कथांची आठवणही जावी.

शेवटी एका मृत्युपत्राची गोष्ट. माइल्स फ्रँकलिन ही रानातल्या शेतकऱ्याची मुलगी. तिची पहिली कादंबरी १९०१ साली छापली गेली ती लॉसनने हस्तलिखित वाचून खटपट केली म्हणून. त्याने प्रस्तावनाही लिहिली. बाई असल्याचे कळू नये म्हणून तिने पुरुषी नाव घेतले होते, ते पुढेही राहिले. १९५४ साली ती वारली, आणि साऱ्या जन्माची काटकसर करून साठवलेले पैसे तिने एका वार्षिक पारितोषिकासाठी ठेवल्याचे उघड झाले. अट एवढीच की, कादंबरी उत्तम असावी आणि तिच्यात ऑस्ट्रेलियन जीवनाचे कोणते तरी अंग असावे. पहिले पारितोषिक १९५७ साली पॅट्रिक व्हाइटला मिळाले. २००७ साली आणि पुन्हा २०२४ साली ते ॲलेक्सिस राइट या मूळ रहिवासी लेखिकेला मिळाले.

मधल्या काळात शंकरी चंद्रन या श्रीलंकेतल्या तमिळ कुळातल्या सिडनीकर बाईंनी आपली पहिली कादंबरी प्रकाशकांकडे नेली. ती पुरेशी ऑस्ट्रेलियन नाही म्हणून नाकारण्यात आली. बाईंनी ती २०१७ साली श्रीलंकेत छापून घेतली. त्यांची नंतरची एक कादंबरी सिडनीच्या पश्चिम भागातल्या एका वृद्धाश्रमाची आहे. तो चालवणारे तमिळ, आणि वाद उसळतो तो कॅप्टन कुकच्या पुतळ्यावरून. २०२३ साली तिला माइल्स फ्रँकलिन पारितोषिक मिळाले. मृत्युपत्रातली अट या कादंबरीने पुरी केली आहे, असा परीक्षकांचा निर्णय झाला होता. पहिली कादंबरीही तोवर ऑस्ट्रेलियात छापली गेली होती.